खारवट पाण्यावर टोमॅटो: रानटी टोमॅटोकडून काय शिकायचं आणि आपल्या वावरात काय करायचं

"पाणी मचूळ आहे, त्यावर चालणारी टोमॅटोची व्हरायटी सांगा." दर सीझनला हा प्रश्न येतो आणि कुणीतरी दोन-चार नावं सांगून मोकळं होतं. नावं चुकीची असतात असं नाही, पण ज्याने सांगितलं त्याचं पाणी वेगळं, जमीन वेगळी, लागवडीचा महिना वेगळा, आणि "चालते" म्हणजे झाड जगतं की क्रेट भरतात हे कुणी विचारतच नाही. टोमॅटो आणि मीठ या विषयात सगळा घोळ इथेच आहे. जगणं वेगळं आणि किलो वेगळे.

शिरोळ, वाळवा, मिरजेकडच्या क्षारपड जमिनी, राहुरी-श्रीरामपूरचा कालव्याखालचा पट्टा, अकोला-अमरावती-बुलढाण्याचा पूर्णेचा खारपाणपट्टा, कोकणातली खार जमीन, गोव्याची खाजणं, सगळीकडे मीठ आहे पण प्रत्येकाचं कारण निराळं आहे, त्यामुळे एकच फॉर्म्युला सगळ्यांना लावू नका. खाली जे लिहितोय ते ज्यांच्याकडे निदान मध्यम निचरा आहे आणि पाणी थोडं ते मध्यम खारट आहे त्यांच्यासाठी. पाणी तोंडात घेतल्यावर थुंकावंसं वाटत असेल तर टोमॅटोचा नाद सोडा, हे आधीच सांगून ठेवतो.

मीठ झाडाला नेमकं काय करतं

पहिला फटका पाण्याचा. मुळाभोवतीचं पाणी खारट झालं की ते ओढून घ्यायला झाडाला जास्त ताकद लागते, म्हणून वाफसा असूनही दुपारी झाड मलूल दिसतं, पानं छोटी आणि गडद हिरवी राहतात, वाढ बसते. हे मीठ वाढल्यावर लगेच दिसायला लागतं. दुसरा फटका हळू येतो. सोडियम आणि क्लोराइड पानात साठत जातं आणि काही आठवड्यांनी खालच्या जुन्या पानांच्या कडा करपायला लागतात. बरेच जण तो करपा समजून बुरशीनाशक मारत बसतात. करप्याचे डाग पानावर कुठेही येतात आणि लेट ब्लाइट असेल तर ओलसर चट्टे दिसतात, मिठाचं करपणं मात्र कडेपासून आत येतं, आधी जुन्या पानांवर, आणि बऱ्यापैकी प्लॉटभर सारखंच.

तिसरी गोष्ट कॅल्शियमची. खारट मुळाशी कॅल्शियम कमी उचललं जातं, आणि फळाच्या टोकापर्यंत तर ते पोचतच नाही, मग फळाचं बूड काळं पडतं. प्लॉटमध्ये बुडाला काळी पडलेली फळं एकदम वाढली आणि त्याच वेळी पाणी कमी पडलेलं नसेल तर माझा पहिला संशय ईसीवर जातो (ईसी म्हणजे विद्युत वाहकता, क्षार किती आहेत ते सांगणारा आकडा; इथले सगळे आकडे डेसिसिमेन प्रति मीटरमध्ये, पेनवर mS/cm लिहिलेलं असतं, दोन्ही एकच).

आणि हे सगळं झाडाच्या वयावर अवलंबून आहे. टोमॅटोचं बी लिटरला साधारण पावणेपाच ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यात टाकलं तर उगवायला दीडपट दिवस लागतात. उगवताना मीठ सोसणारं बी पुढे फळं धरतानाही सोसेलच असं नाही, पेनसिल्व्हेनियात माजिद फूलाद यांच्या कामातून हे स्पष्ट झालं की उगवणीची सहनशीलता आणि वाढीची सहनशीलता यांचे जीन्सच बहुतांशी वेगळे आहेत. म्हणजे पेपर टॉवेलमध्ये खारट पाण्यात बी उगवून दाखवणारा व्हिडिओ बघून व्हरायटी ठरवू नका.

रानटी टोमॅटोचं प्रकरण

आपण खातो तो टोमॅटो दक्षिण अमेरिकेतला, आणि त्याचे रानटी भाऊबंद अजून पेरू, इक्वाडोर, चिलीच्या किनाऱ्यापासून डोंगरापर्यंत उगवतात. यातला सगळ्यात गाजलेला गॅलापागोस बेटांवरचा. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाचे चार्ल्स रिक (१९१५ ते २००२) आयुष्यभर रानटी टोमॅटोचं बी गोळा करत फिरले, आज तिथली टोमॅटो जेनेटिक्स रिसोर्स सेंटरची बियाणं बँक त्यांच्याच नावाने चालते. गॅलापागोसचं बी साध्या मातीत उगवायचं नाव घेत नव्हतं. रिकनी ते तिथल्या महाकाय कासवांना खाऊ घातलं, पोटातून बाहेर आल्यावर उगवलं, आणि १९६१ साली बोमन यांच्यासोबत ते छापलं. आता लॅबमध्ये कासव लागत नाही, पातळ केलेल्या ब्लीचमध्ये अर्धा तास ते तासभर भिजवून खळखळून धुतलं की काम होतं.

त्याच बेटांवरचा एक नमुना, एलए१४०१, इसाबेला बेटावर भरतीच्या रेषेपासून जेमतेम काही मीटरवर वाढत होता. १९७६ साली रश आणि एप्स्टाइन या संशोधकांनी तो आणि शेतातला टोमॅटो शेजारी-शेजारी ठेवून पाण्यातलं मीठ हळूहळू वाढवत नेलं. शेतातला टोमॅटो समुद्राच्या निम्म्या खारटपणापुढे टिकला नाही, बेटावरचा पूर्ण समुद्राच्या पाण्याइतक्या खारट द्रावणातही जगला.

जगला, एवढंच. तो काही टोपल्या भरून फळं देत नव्हता.

खरी गंमत जगण्याच्या पद्धतीत आहे. शेतातला टोमॅटो सोडियम पानात येऊच नये म्हणून झगडतो, मुळातच अडवतो, आणि अडवणं जमेनासं झालं की कोसळतो. बेटावरचा किंवा पेरूतला सोलॅनम पेनेलाय सोडियम पानात येऊ देतो आणि पेशीतल्या मोठ्या कप्प्यात कोंडून ठेवतो, उलट त्याच मिठाचा उपयोग करून पाणी आत ओढतो. दोन्ही डावपेच चालतात पण एकाचा अर्धा भाग दुसऱ्यात घातला की गडबड होते, कारण सोडियम आत घेणारं मूळ आणि ते कोंडता न येणारं पान असं कॉम्बिनेशन सगळ्यात वाईट. क्रॉस करून सहनशीलता आणायला पन्नासेक वर्षं लोक धडपडतायत आणि तरी दुकानात पाकीट मिळत नाही त्याचं एक मोठं कारण हे. दुसरं कारण म्हणजे रानटी जीन्सबरोबर बारीक फळ, उशिरा येणं आणि विचित्र चव पण येते. तसे फायदेही झालेत, कारखान्यासाठी मशीनने तोडल्या जाणाऱ्या टोमॅटोत देठ फळाला चिकटून न येण्याचा गुण गॅलापागोसच्याच टोमॅटोतून आला, फक्त त्याचा मिठाशी संबंध नाही.

जीएमचा, म्हणजे लॅबमध्ये जीन बदलण्याचा रस्ताही झालाय. २००१ साली झांग आणि ब्लुमवाल्ड यांनी सोडियम कप्प्यात ढकलणारा जीन जास्त चालणारा टोमॅटो केला आणि तो २०० मिलीमोलर मिठात, म्हणजे लिटरला जवळपास पावणेबारा ग्रॅम, फुलला आणि फळला. पण आपल्याकडे जीएम टोमॅटो शेतात लावायला परवानगी नाही, तेव्हा तो विषय इथेच संपला.

तर रानटी टोमॅटोकडून आज आपल्या हाताला लागतं ते दोन गोष्टींत. एक म्हणजे त्यांच्या रक्ताचे रूटस्टॉक, म्हणजे कलमाला खाली वापरायची मुळाची झाडं, आणि दुसरी म्हणजे झाड तपासायची रीत, शेजारी-शेजारी लावून, मीठ हळूहळू वाढवून. दोन्ही खाली येतात, पण आधी मोजणी.

पहिली पायरी: पाणी आणि माती मोजा

ईसी पेन घ्या. टीडीएस पेन ईसीला गुणून पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) दाखवतो आणि कुठल्या कंपनीने ५०० ने गुणलंय आणि कुठल्या कंपनीने ७०० ने हे डबीवर शोधत बसावं लागतं, त्यामुळे थेट ईसी दाखवणारा बरा. सोबत १.४१३ चं कॅलिब्रेशन द्रावण घ्या आणि अधूनमधून पेन त्यात बुडवून खात्री करा, वर्षभर बॉक्समध्ये पडलेला पेन काहीही आकडा दाखवतो.

बोअरचं पाणी मोटार चालू केल्याकेल्या घेऊ नका, अर्धा तास चालू द्या. आणि एकदाच मोजून थांबू नका. पावसाळ्यानंतर १.५ दाखवणारी विहीर एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलं की २.५ दाखवू शकते, आणि उन्हाळी टोमॅटोची फळं नेमकी तेव्हाच फुगत असतात.

पाण्याच्या ईसीचा आणि उत्पादनाचा अंदाज असा, जागतिक अन्न व कृषी संघटनेचे जुने आकडे आहेत पण अजून वापरात आहेत: १.७ पर्यंत तोटा नाही धरा, २.३ ला साधारण १० टक्के घट, ३.४ ला २५ टक्के, ५ ला निम्मं पीक गेलं. हे आकडे थोडं जादा पाणी खाली झिरपतंय असं धरून आहेत. निचरा नसेल तर यापेक्षा वाईट होतं.

मातीत टोमॅटोची मर्यादा २.५, त्यापुढे दर एका युनिटला साधारण १० टक्के घट. पण सावध, हा २.५ आकडा चिखलासारखी पेस्ट करून काढलेल्या अर्काचा आहे. आपल्याकडच्या माती परीक्षणाच्या रिपोर्टवर बहुतेक वेळा एकास अडीच पाण्यात ढवळून मोजलेला ईसी असतो आणि तो बराच कमी दिसतो, त्याच मातीचा पेस्टचा आकडा त्याच्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याहूनही जास्त निघतो. रिपोर्टवर ०.९ बघून "आपली मर्यादा तर २.५ आहे" म्हणून खूश होणारे पुष्कळ भेटतात. लॅबवाल्याला विचारा कुठल्या पद्धतीने मोजलंय.

नमुना काढताना वरचा पांढरा थर तेवढा खरवडून नेऊ नका आणि तो टाळूही नका. एक फुटापर्यंतचा एक नमुना आणि एक ते दोन फुटांचा दुसरा, वेगवेगळ्या पिशवीत. वरचा जास्त खारट निघाला तर मीठ खालून वर येत असण्याची शक्यता मोठी, म्हणजे पाण्याची पातळी वर आहे आणि प्रश्न निचऱ्याचा आहे. तिथे व्हरायटी, औषध, ह्युमिक, कशाचाच उपयोग नाही, आधी चर किंवा जमिनीखालून पाइपचा निचरा. एकट्याने होत नाही कारण पाणी सोडायला जागा लागते, म्हणून शेजारच्यांना धरूनच करावं लागतं.

पीएच पण बघा. नुसती खारवट जमीन वाळल्यावर वर पांढरी होते आणि पायाखाली भुसभुशीत लागते. चोपण जमीन पावसात चिकट, वाळली की दगड, वर काळसर पापुद्रा, पाणी मुरतच नाही, पीएच ८.५ च्या वर. जिप्सम हे चोपणाचं औषध आहे. खारवट जमिनीत जिप्सम टाकणं म्हणजे मिठात अजून मीठ. आणि चोपण असेल तरी किती टाकायचं ते लॅबच्या जिप्समच्या गरजेवरूनच ठरवा, शेजाऱ्याने टाकलं म्हणून एकरी तेवढंच टाकू नका. चुनखडी जास्त असलेल्या जमिनीत गंधकाचा विचार होतो. सांगलीजवळचं कसबे डिग्रजचं संशोधन केंद्र आणि खार जमिनीसाठी पनवेलचं केंद्र या कामासाठीच आहेत, जाऊन विचारा, फुकट आहे.

एक हिशोब करून बघा म्हणजे गांभीर्य कळेल. ईसी २ च्या पाण्यात लिटरला साधारण १.३ ग्रॅम क्षार असतात. टोमॅटोला सीझनभरात ५०० मिलिमीटर पाणी दिलं तर एकरी सुमारे २० लाख लिटर. म्हणजे तुम्ही एका पिकात एकरी अडीच टन क्षार वावरात टाकताय. ड्रीपवर कमी पाणी लागेल, तरी टनातच. हे कुठेतरी गेलं पाहिजे, आणि जायला एकच वाट आहे, मुळाच्या खाली.

दुसरी पायरी: बादलीतली ट्रायल

व्हरायटी निवडायची तर ती आपल्याच पाण्याच्या आकड्यावर तपासायची. एक एकर लावून तपासण्यापेक्षा आधीच्या सीझनला बादल्यांत तपासा, खर्च फार नाही.

दहा-बारा लिटरच्या बादल्या किंवा ग्रो बॅग घ्या, खाली भोकं पाडा आणि खाली ताटली ठेवा म्हणजे झिरपलेलं पाणी मोजता येईल. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरणार असाल तर आधी धुवा. स्वस्तातल्या कोकोपीटमध्ये मुळातच मीठ असतं, ते धुतलं नाही तर तुमची "गोड्या पाण्याची" बादली पहिल्या दिवसापासून खारट असते आणि अख्खी ट्रायल वाया. दोनतीनदा गोड्या पाण्याने धुवून, मग कॅल्शियम नायट्रेटच्या हलक्या पाण्यात रात्रभर ठेवून, परत धुवून, निथळलेल्या पाण्याचा ईसी १ च्या खाली आला की भरा.

तीन-चार व्हरायटी पुरे. त्यात एक तुम्ही नेहमी लावता ती असलीच पाहिजे, नाहीतर तुलना कशाशी करणार? हौस असेल तर एक करंट टोमॅटो पण लावा. वाटाण्याएवढी लाल फळं येणारा हा सोलॅनम पिंपिनेलिफोलियम, पेरू-इक्वाडोरच्या किनाऱ्याचा, आपल्या टोमॅटोचा सगळ्यात जवळचा रानटी नातेवाईक, आणि त्याच्या काही नमुन्यांत मिठाची चांगली सहनशीलता सापडलीय. हौशी बियाणंवाल्यांकडे मिळतो. परदेशातून येणाऱ्या भावाला "येताना बी आण" म्हणून सांगू नका, बी देशात आणायला क्वारंटाइनची परवानगी लागते आणि बियातून येणारे व्हायरस एकदा आले की नारायणगावपासून पिंपळगावपर्यंत सगळ्या टोमॅटोवाल्यांना महागात पडतील.

प्रत्येक व्हरायटीची निदान चार झाडं गोड्या पाण्यावर, चार तुमच्या पाण्याच्या ईसीवर आणि चार त्याहून दीडपट खारटवर. झाडं कमी ठेवली की एक झाड मेलं तर निकाल उलटा होतो. बादल्यांच्या जागा आठवड्याला बदला, नाहीतर उन्हाच्या बाजूची व्हरायटी उगाच बदनाम होते.

तुमचं खारट पाणीच वापरता आलं तर उत्तम. नसेल तर मिठाचं द्रावण करा, साधं जाडं मीठ, लिटरला १०० ग्रॅम, गाळून बाटलीत भरून ठेवा. यातलं १५ मिली एक लिटर पाण्यात टाकलं की १.५ ग्रॅम मीठ झालं आणि ईसी साधारण ३ ने वाढला. पेनने खात्री करा, अंदाजावर नको. रोप लावल्यापासून आठ-दहा दिवस सगळ्यांना गोडं पाणी, मूळ धरू द्या. मग खारट एकदम देऊ नका, दर दोन दिवसांनी लिटरला अर्धा-पाऊण ग्रॅमने वाढवत इच्छित आकड्यावर या. एकदम दिलेल्या मिठाने झाड मरतं ते धक्क्याने, आणि त्यावरून काहीच कळत नाही. रश आणि एप्स्टाइनसुद्धा टप्प्याटप्प्यानेच वाढवत गेले होते.

प्रत्येक वेळी इतकं पाणी द्या की साधारण चौथा हिस्सा खालून निथळेल, आणि निथळलेल्या पाण्याचा ईसी मोजा. दिलेलं पाणी ३ आणि निथळलेलं ६ असेल तर मुळाशी मीठ साचतंय, जास्त पाणी द्या. हे निथळलेलं पाणी तुळशीत किंवा परसात ओतू नका.

वहीत लिहायचं काय? उंची वगैरे लिहिली तरी चालेल पण मला त्याचं फार कौतुक नाही. पाचव्या-सहाव्या आठवड्यात खालची किती पानं कडेने करपली, पहिल्या तीन घोसांत किती फळं धरली, बुडाला काळी किती निघाली, आणि शेवटी चांगल्या फळांचं वजन. मध्यम खारटपणात फळांची संख्या फारशी कमी होत नाही, आधी साइज कमी होतो, म्हणून नुसती फळं मोजली तर फसाल, वजन करा.

आता निकाल वाचायचा. समजा पहिली व्हरायटी गोड्या पाण्यावर झाडाला ३ किलो आणि खारटवर १.८ किलो. दुसरी गोड्यावर १.६ आणि खारटवर १.३. टक्क्यात बघितलं तर पहिलीने ६० टक्के टिकवलं आणि दुसरीने ८१, म्हणजे "सहनशील" दुसरी. पण तुमच्या पाण्यावर क्रेट पहिलीनेच जास्त भरले. रानटी टोमॅटोचे आकडे पण असेच दिसतात, मुळातच हळू वाढतो म्हणून मिठात घट कमी दिसते. जाहिरातीत "क्षार सहनशील" लिहिलेलं असेल तेव्हा विक्रेत्याला विचारा, टक्के की किलो? आणि कुठल्या ईसीला? उत्तर न मिळालं तर पाकीट ठेवून द्या.

दीडपट खारटच्या बादल्या कशासाठी, तर मे महिन्यातल्या तुमच्या विहिरीसाठी. तिथे जर दोन व्हरायटींचा नंबर उलटा होत असेल तर पावसाळी एक आणि उन्हाळी दुसरी लावायची.

तिसरी पायरी: कलमी रोप, पण डोळे उघडे ठेवून

मीठ मुळातच अडवायचं असेल तर मूळ बदलायचं, फळाची व्हरायटी तीच ठेवून. स्पेनमध्ये २००५ च्या एका अभ्यासात दाखवलं की योग्य रूटस्टॉकवर कलम केलं की सोडियम आणि क्लोराइड वर कमी पोचतं आणि खारटपणात फळ जास्त मिळतं. जगभर वापरले जाणारे बरेच टोमॅटो रूटस्टॉक, उदाहरणार्थ मॅक्सिफोर्ट, हे शेतातला टोमॅटो आणि रानटी सोलॅनम हॅब्रोकायटिस यांच्या संकरातून आलेत. रानटी रक्त मुळात, बाजाराचं फळ वर, मला हा व्यवहार सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

पण प्रत्येक रूटस्टॉक मिठासाठी नसतो. आपल्याकडच्या नर्सऱ्या रानवांग्यावर किंवा वांग्यावर कलम करून देतात ते मुख्यतः मर रोग आणि पाणी साचण्यासाठी, मिठासाठी त्याची खात्री धरू नका. बादलीच्या ट्रायलमध्ये चार कलमी झाडं पण घाला आणि बघा.

घरी करायचं तर रूटस्टॉकचं बी काही दिवस आधी पेरा कारण ते उशिरा उगवतं, दोन्हींची खोडं दीड-दोन मिलिमीटरची आणि सारख्या जाडीची झाली की ब्लेडने ४५ अंशात काप, सिलिकॉनची क्लिप, आणि लगेच प्लास्टिकच्या बंद खोक्यात. दोन दिवस अंधार, २५ ते २८ डिग्री, आतून पाण्याचे थेंब दिसतील इतका ओलावा, मग हळूहळू उजेड आणि हवा. आठ-दहा दिवसांत जोड पकडतो. शेतात लावताना जोड मातीच्या वर ठेवा, बेडला गाडला की वरच्या झाडाला स्वतःची मुळं फुटतात आणि कलमाचे पैसे मातीत.

चौथी पायरी: लागवड आणि पाणी

रोपं गोड्या पाण्यावरच करा. चार गुंठ्यांच्या नर्सरीला टँकर आणला तरी परवडतो, एकरभर प्लॉटला नाही. लावणीनंतरचे पहिले दहा दिवस जमलं तर गोडं पाणी आणि खारट पाणी मिसळून द्या.

महिना निवडणं फुकट आहे आणि फायदा सगळ्यात जास्त. जून-जुलैची लागवड पावसाने धुतलेल्या जमिनीत पडते, सप्टेंबर-ऑक्टोबरचीही बरी, जानेवारी-फेब्रुवारीच्या उन्हाळी लागवडीला बाष्पीभवन जास्त, पाणी जास्त खारट, आणि गरम कोरड्या हवेत झाड मीठ कमी सोसतं. पाण्याचा ईसी २.५ च्या पुढे असेल तर उन्हाळी टोमॅटो मी तरी लावणार नाही, भाव कितीही खुणावत असू दे.

बेड उंच करा, ड्रीप लावा, मल्चिंग घाला. ड्रीपमध्ये मीठ ओलाव्याच्या कडेला ढकललं जातं. बेडवर ड्रीपरभोवती ओला गोल आणि त्याच्या काठाला पांढरी रेघ दिसते ना, ते तेच. रोप त्या गोलाच्या मध्यात हवं, कडेवर लावलेलं रोप थेट मिठात बसतं. सरीने पाणी देत असाल तर वरंब्याच्या माथ्यावर मीठ चढतं, म्हणून रोप माथ्यावर न लावता बगलेत लावा. स्प्रिंकलर नकोच, खारट पाणी पानावर वाळलं की पान करपलंच.

तीन दिवसांनी भरपूर देण्यापेक्षा रोज थोडं द्या, कारण जमीन वाळत गेली की तेच मीठ कमी पाण्यात घट्ट होतं. त्यात झिरपायचा वाटा मिळवा. हिशोब सोपा आहे: पाण्याचा ईसी भागिले (मातीच्या परवडणाऱ्या ईसीची पाचपट वजा पाण्याचा ईसी). पाणी २ आणि माती ३.५ पर्यंत चालेल असं ठरवलं, म्हणजे १० टक्के घट मान्य, तर २ भागिले १५.५, साधारण १३ टक्के. झाडाची गरज २ लिटर असेल तर २.३ लिटर द्या. भारी काळ्या जमिनीत मात्र हे डोकं वापरून करा, खाली जात नसेल तर मुळं गुदमरतील, तिथे रोजच्या जादा पाण्यापेक्षा आठ-दहा दिवसांनी एकदा लांब पाळी बरी.

आणि एक गोष्ट जी ऐकायला उलटी वाटते. अवकाळीचा हलका शिडकावा आला की लोक ड्रीप बंद करतात. खारट प्लॉटमध्ये हलक्या पावसात ड्रीप चालू ठेवा, नाहीतर बेडच्या कडेचं मीठ विरघळून सरळ मुळाशी येतं आणि दोन दिवसांनी झाडं माना टाकतात. दणदणीत पाऊस झाला तर बंद करा, तो स्वतःच धुवून नेतो.

खतं

खत पण मीठच आहे. टाकीत विरघळलेल्या खतासकट ड्रीपरमधून येणाऱ्या पाण्याचा ईसी मोजा, नुसत्या विहिरीचा नाही. मोठा डोस आठवड्याला एकदा देण्यापेक्षा छोटे डोस जास्त वेळा. म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे लाल पोटॅश, बंद, त्यात क्लोराइड आहे, त्याऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश किंवा १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट). पोटॅश कमी पडू देऊ नका कारण सोडियमशी टक्कर तोच देतो, पण अति केला तर कॅल्शियम अडतो. कॅल्शियम नायट्रेट पहिल्या फुलापासून नियमित, वेगळ्या टाकीत, फॉस्फेट किंवा सल्फेटच्या खतात मिसळलं की टाकीच्या तळाला पांढरा साका बसतो आणि ड्रीपर बंद. अमोनियमची खतं फळ फुगताना कमी, त्याने बूड काळं पडणं वाढतं. कॅल्शियमची फवारणी लोक मारतात, थोडा आधार मिळतो, पण मुळाशी ईसी ५ असताना फवारणीने फळं वाचवायची आशा धरू नका. शेणखत चांगलं कुजलेलं आणि लागवडीआधी धैंचा किंवा ताग दीड महिन्याचा झाल्यावर गाडलेला असेल तर पाणी खाली उतरायला मदत होते.

बारीक फळाचा भाव

खारट पाण्यावरचं फळ बारीक असतं पण गोड आणि घट्ट असतं, कारण पाणी कमी आणि साखर-आम्ल जास्त. स्पेनमध्ये अल्मेरियाचा राफ टोमॅटो आणि जपानमध्ये यात्सुशिरोच्या भराव जमिनीवरचा "शिओ", म्हणजे मिठाचा टोमॅटो, याच गोडीवर महाग विकला जातो. आपल्या मार्केट यार्डात क्रेटला भाव साइजवर लागतो, गोडीचे पैसे कोण देत नाही, त्यामुळे मोठ्या फळाची व्हरायटी बारीक काढून विकण्यापेक्षा थोड्या भागात चेरी टोमॅटो लावून पुण्या-मुंबईला थेट गिऱ्हाईक सापडतंय का बघा. रिफ्रॅक्टोमीटर (फळाची गोडी मोजायचं यंत्र) खिशात असला की बोलणी सोपी जातात. गिऱ्हाईक आधी, लागवड नंतर.

पीक निघाल्यावर मल्चिंग उचलायच्या आधी पुन्हा नमुने काढा, एक ड्रीपरखालचा, एक दोन लॅटरलच्या (ड्रीपच्या नळ्यांच्या) मधला, दोन्ही दोन-दोन खोलीचे. मधला नमुना जास्तच खारट निघाला तर बेड मोडून ते मीठ सगळीकडे पसरवण्याआधी एक मोठा पाऊस जाऊ द्या, आणि पुढचं पीक घेवडा, वाटाणा असलं नाजूक न घेता बीट किंवा कापसासारखं सोसणारं घ्या. त्यानंतर पुन्हा ईसी बघून मग टोमॅटोचं ठरवा.